आधी दगड, मग चाकू

कोल्हापूर,
8 जून

चि. मनू,


तुझं पत्र आणि तिन्ही चाकूंचे फोटो मिळाले. नोकरी लागल्याचं ताईने फोनवर सांगितलं होतंच, पण कामाचं स्वरूप तुझ्या पत्रातून नीट कळलं. रत्नागिरी-राजापूरकडच्या कातळसड्यांवर पावसाळाभर हिंडून वनस्पतींच्या नोंदी करायच्या, म्हणजे जून ते सप्टेंबर पाय ओले आणि पाठीवर पिशवी. अशा कामाला जवळ चाकू हवाच. "मावशी, यातला कोणता घेऊ?" असं तू एका ओळीत विचारलंस. उत्तरही एका ओळीत देता येईल, पण मग पुढच्या वेळी पुन्हा मलाच विचारशील. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या फोटोतला काळा चाकू आत्ताच बाद कर. चार मिलिमीटर जाडीचं पातं, अर्ध्या धारेला दाते, मुठीच्या टोकाला काच फोडायची अणी. जाहिरातीत तो एका दणकट मनगटाच्या पुरुषाच्या हातात आहे आणि तो पुरुष त्याने काहीही कापत नाहीये. हे मला फार बोलकं वाटलं. चाकू घेताना पहिला प्रश्न हाच असतो, की मी रोज काय कापते? तुझी यादी मला इथे बसून सांगता येईल: कुरिअरच्या खोक्यावरची चिकटपट्टी, सुतळी, दुधाच्या पिशवीचा कोपरा, पेरू, काकडी, पेन्सिलीचं टोक, औषधाच्या बाटलीचं सील, नमुन्यासाठी एखादी डहाळी. यातल्या एकाही कामाला तीन इंचांहून लांब पातं लागत नाही. आपल्या चार बोटांची रुंदी तेवढी पात्याची लांबी, हे माप पुरे.

जवळ हत्यार बाळगणं ही काही आजची टूम नव्हे. कोकणातला गडी कमरेमागे आकडीत कोयती अडकवून मगच बागेत जातो. आपल्याकडे जुन्या माणसांच्या पानाच्या चंचीत अडकित्ता असायचाच. ही हत्यारं नेमक्या कामासाठी घडली आणि त्या कामाला जेवढी हवीत तेवढीच राहिली. खिशातल्या चाकूचं मात्र दुकानदारांनी खेळणं करून टाकलंय.

लांबीपेक्षा जाडी महत्त्वाची, हे कुणी सांगत नाही. सफरचंदावर करून बघ. पातळ पातं फळातून निमूट खाली उतरतं आणि फोडी हव्या तेवढ्या पातळ पडतात. जाड पात्याची धार कितीही तिखट असली तरी ती अर्ध्यात पोचते न पोचते तोच वरची पाठ पाचरीसारखी फळ फाकवते, 'कट्' असा आवाज होतो आणि सफरचंद दुभंगतं. म्हणजे कापलं गेलं नाही, फुटलं. तुझ्या तिसऱ्या फोटोतल्या लाकडी मुठीच्या फ्रेंच चाकूचं पातं जेमतेम पावणेदोन मिलिमीटर जाड असतं आणि पाठीपासून धारेपर्यंत एकसारखं उतरत येतं. म्हणून शंभराहून जास्त वर्षं शेतकरी त्याने पाव, चीज आणि फळं कापताहेत. दात्यांची धार दोरखंडाला बरी, बाकी सगळीकडे अडचण. सुतळी तोडेल, पण पेरूच्या चिंध्या करेल. शिवाय ती सपाट दगडावर लागत नाही. धारेचा मुद्दा पुढे येतोच आहे, कारण माझ्या मते सगळं त्यावरच ठरतं.

या फ्रेंच चाकूबद्दल थोडं सांगते. तो ओपिनेलचा. फ्रान्सच्या साव्हॉय भागात, आल्प्सच्या कुशीतल्या एका खेड्यात, जोझेफ ओपिनेलने 1890 मध्ये तो घडवला. घरचा धंदा कुऱ्हाडी-कोयत्यांचा होता. मागणी वाढली तेव्हा त्याने 1 ते 12 क्रमांकाची मापं काढली. पुढे 1 आणि 11 बंद झाले, बाकीची आजही मिळतात. आधी त्याला पातं अडकवून ठेवायची काही सोय नव्हती. 1955 मध्ये मुठीच्या तोंडाशी फिरती कडी आली. ती अंगठ्याने फिरवली की पातं पक्कं बसतं, उलट फिरवली की मिटतं. यंत्र म्हणशील तर एवढंच. लाकूड, पातं, खिळा आणि दोन कड्या. मला हा चाकू मनापासून आवडतो, तरी तुझ्या कामाला तो घेऊ नकोस. त्याची मूठ बीच लाकडाची असते. पाण्याने ती फुगते आणि पातं आत गच्च रुतून बसतं. साव्हॉयमध्ये मुठीचं बूड टेबलाच्या कडेवर ठोकून पातं बाहेर काढायची रीतच पडली आहे. जवसाचं तेल मुरवलं तर फुगणं कमी होतं, थांबत मात्र नाही. राजापूरच्या पावसात तू दिवसभर बूडच ठोकत बसशील. पुण्यात घरी असताना, डब्याबरोबर पिशवीत ठेवायला मात्र त्याच्यासारखा चाकू नाही.

आता पोलादाचं. दुकानदार तुला आकडे-अक्षरांची लांबलचक नावं सांगेल. तू फक्त तीन प्रकार लक्षात ठेव. पहिलं साधं कार्बनचं पोलाद. त्यात पाऊण ते एक टक्का कार्बन असतो, क्रोमियम जवळजवळ नाही. धार सुरेख लागते, पण गंजतं. कैरी चिरली की पातं राखाडी-निळसर होतं, विळीवर केळफूल चिरलं की होतं तसंच. फळातल्या टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की काळा रंग होतो. हिरडा आणि हिराकस घालून पूर्वी शाई करायचे, ती याच रसायनावर. हा काळपटपणा वाईट नसतो, तांबड्या गंजाला तो थोडा अडवतोही. पण समुद्रकाठच्या खाऱ्या, दमट हवेत रोज पुसून तेलाचं बोट फिरवायची तयारी हवी. दिवसभर भिजून आल्यावर तू ते करणार नाहीस, हे मला माहीत आहे.

दुसरं पोलाद न गंजणारं, म्हणजे खरं तर उशिरा गंजणारं. त्यात तेरा-चौदा टक्के क्रोमियम असतं. हवेशी संयोग होऊन त्याचा अदृश्य पापुद्रा पात्यावर धरतो आणि लोखंडापर्यंत पाणी पोचू देत नाही. कार्बन अर्धा टक्का किंवा थोडा जास्त. हे पोलाद मध्यम कडक, धार जरा लवकर जाते, पण साध्या दगडावर पाच-दहा मिनिटांत परत येते.

तिसरं म्हणजे भुकटी दाबून केलेलं नवं, महागडं पोलाद. त्यात व्हॅनेडियम असतं. व्हॅनेडियमचे कार्बाइड कण इतके कठीण असतात की धार महिनोन् महिने टिकते. दुकानदार हे सांगतो आणि इथेच थांबतो. पुढचं असं, की धार लावायच्या साध्या दगडातल्या ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षाही ते कण कठीण असतात. म्हणजे धार गेली की साधा दगड त्यांच्यापुढे हात टेकतो, हिऱ्याच्या कणांची पट्टी लागते. सड्यावरच्या गावात, पावसात, ती कुठून आणशील? मग असा बोथट, महागडा चाकू ड्रॉवरमध्ये पडून राहतो. मी असे बरेच पाहिलेत.

म्हणून माझं म्हणणं सोपं आहे. ज्या चाकूला आपल्या हाताने धार लावता येते, तोच चाकू आपला. बाकीचा दुकानदाराचा.

धार लावणं अवघड नाही. हार्डवेअरच्या दुकानात कार्बोरंडमचा दोन बाजूंचा दगड मिळतो, एक बाजू भरड आणि एक बारीक. ओल्या फडक्यावर ठेव म्हणजे सरकणार नाही आणि दगडावर पाणी शिंपड. पातं आडवं टेकवून पाठ थोडी उचल. किती, तर एक रुपयाची तीन नाणी एकावर एक ठेवली तर जेवढी उंची होते तेवढी. तोच कल धरून पातं मुठीकडून टोकापर्यंत दगडावर ओढत ने, दगडाचा पातळसा काप काढायचाय अशा बेताने. एका बाजूला असं करत राहिलीस की पलीकडच्या बाजूला धारेच्या कडेशी बारीक खरखर उठते. बोट धारेवरून फिरवायचं नाही, पाठीकडून धारेच्या बाहेर अलगद न्यायचं, मग ती जाणवते. ती मुळापासून टोकापर्यंत सगळीकडे लागली म्हणजे ती बाजू झाली. मग पातं उलटायचं. दोन्ही बाजू झाल्या की दगडाच्या बारीक बाजूवर आळीपाळीने हलके हात, दाब कमी कमी करत. शेवटी कातडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर उलट्या दिशेने, पाठ पुढे आणि धार मागे, दहा-वीस वेळा. वर्तमानपत्राचा कागद हातात धरून कापून बघ. न अडखळता गेला तर झालं. कागद जिथे फाटतो तिथे पात्यावर काम राहिलंय.

सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे विळी दे, कोयती दे, हा चाकू देऊ नकोस. कोरड्या चाकावर पातळ पातं बघता बघता तापतं. धारेवर निळसर डाग दिसला की तिथलं पोलादाचं पाणी उतरलं असं समज. मग कितीही घास, धार टिकत नाही. शिवाय चाक एका फेऱ्यात जेवढं पोलाद खातं तेवढं दगड वर्षभरात खात नाही.

आता तुझा दुसरा फोटो, लाल मुठीचा स्विस चाकू. हा घ्यायचा, पण फोटोतला नाही. तो मुठीएवढा जाड आहे आणि त्यात भिंगापासून मासे मोजायच्या पट्टीपर्यंत सगळं आहे. पिशवीत तो जड होतो आणि हातात धरवत नाही. ज्या कारखान्याचा तो आहे, त्याचा मूळ चाकू फार साधा होता. स्वित्झर्लंडमधल्या ईबाखला कार्ल एल्सेनरने 1884 मध्ये चाकू-सुऱ्यांची कार्यशाळा काढली. तेव्हा स्विस लष्कराचे चाकू जर्मनीतल्या झोलिंगनहून यायचे. 1891 मध्ये एल्सेनरने आपले चाकू लष्कराला दिले. त्या चाकूत काय होतं? एक पातं, डबा उघडायची पट्टी, पेचकस आणि टोच्या. पेचकस बंदूक खोलायला आणि पट्टी शिधा खायला. जगभर 'आर्मी नाइफ' म्हणून मिरवणारा हा चाकू लढायला नव्हताच, डबा फोडायला होता. 1897 मध्ये एल्सेनरने अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू काढला आणि त्यात दुसरं छोटं पातं आणि बुचाचा स्क्रू घातला. लष्कराने तो अधिकृतपणे घेतला नाही. अधिकारी मात्र पदरचे पैसे टाकून घेऊ लागले आणि नाव त्याचंच झालं. व्हिक्टोरिया हे एल्सेनरच्या आईचं नाव, आणि न गंजणाऱ्या पोलादाचं 'इनॉक्स'. दोन्ही जोडून 1921 पासून व्हिक्टोरिनॉक्स.

या कारखान्याचा 'कॅम्पर' नावाचा, मिटल्यावर 91 मिलिमीटर भरणारा नमुना बघ. मोठं पातं, छोटं पातं, डबा आणि बाटली उघडायच्या पट्ट्या, टोच्या, बुचाचा स्क्रू, लाकडाची छोटी करवत, मुठीत चिमटा आणि दातकोरणं. वजन पाऊणशे ग्रॅमच्या आसपास. तुझ्या कामाला करवत आणि चिमटा हे दोन दागिने आहेत. अंगठ्याएवढी फांदी चाकूने तोडू गेलीस तर झाडाची साल सोलली जाते, करवतीने काप स्वच्छ येतो आणि झाडाची जखम लवकर भरते. आणि करवंदीच्या जाळीतून आल्यावर चिमट्याची किंमत तुला पहिल्याच दिवशी कळेल. छोटं पातं नमुन्यांसाठी राखून ठेव, मोठं खाण्यासाठी. विषारी चिकाच्या झाडावर वापरलेल्या पात्याने आंबा चिरायचा नाही. हा नियम मी माझ्या विद्यार्थ्यांकडून घोटून घ्यायचे.

त्याचं पातं अडकत नाही, याची तुला काळजी वाटली असं पत्रात दिसलं. पाठीमागच्या पोलादी पट्टीच्या ताणावर ते उघडं राहतं आणि जोर दिला की मिटतं. ज्यांना टोकाने भोसकायचं किंवा पाठीवर ठोकायचं असतं, त्यांना अडकण लागते. कापताना जोर धारेच्या दिशेने असतो, त्यामुळे पातं आणखी उघडंच राहतं. टोकाने भोक पाडायचं असेल तर चाकू बाजूला ठेव आणि टोच्या वापर. आणि फळ तळहातावर धरून त्याच्यात टोक खुपसू नये. पलीकडे आपलाच हात असतो.

आता ताईचं म्हणणं. तिने मला वेगळा फोन करून सांगितलं, की मुलगी एकटी रानात हिंडणार, तिला जरा "दमदार" चाकू सुचव. तिची काळजी खरी आहे, पण चाकू हे तिचं उत्तर नाही. मिटता चाकू बाहेर काढून उघडायला दोन्ही हात आणि चार क्षण लागतात. माणूस अंगावर आला असेल तर हे दोन्ही नसतात. ताकदीने जास्त असलेला माणूस तोच चाकू हिसकावून घेऊ शकतो. ताईला सांग, मनूजवळ मोठ्या आवाजाची शिट्टी असेल, फोनमध्ये 112 असेल, गावातल्या एका घराला रोज निघताना आणि परतताना कळवलेलं असेल आणि सड्यावर ती जोडीदाराशिवाय जाणार नाही. याने जेवढं रक्षण होतं तेवढं कुठल्याही पात्याने होत नाही.

खटक्याचा, बटण दाबून उघडणारा चाकू तर बघूही नकोस. रामपूरचा चाकू हिंदी सिनेमाने खलनायकाच्या हाती दिला, तेव्हापासून तसलं पातं पाहिलं की पोलिसांच्या भुवया वर जातात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. कायदा थोडक्यात सांगते. 1959 चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे 2016 चे नियम 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्यांना शस्त्र मानतात. घरकाम, शेती, शास्त्रीय काम आणि उद्योग यांसाठी केलेल्या सुऱ्या त्यातून वगळल्या आहेत. पण दिल्लीत 1980 च्या अधिसूचनेने ही मर्यादा बरीच खाली आणली, तिथे 7.62 सेंटिमीटर, म्हणजे तीन इंच, हा आकडा आहे. आपल्याकडे सणासुदीला, निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या 37 व्या कलमाखाली मनाई आदेश निघतात. त्यात काठ्यांबरोबर सुऱ्याही येतात. गणपतीत रत्नागिरीच्या बाजारात फिरताना चाकू खोलीवर ठेव. कार्यालयाचं ओळखपत्र पिशवीत त्याच कप्प्यात असू दे. विमानात तो हातातल्या सामानात चालत नाही, तपासून आत जाणाऱ्या बॅगेत ठेवावा लागतो. मेट्रोत, न्यायालयात, सिनेमागृहात नेऊ नकोस. तपासणीत काढून घेतलेला चाकू परत मिळत नाही.

आणखी एक, हे तू फुरशांच्या मुलखात चाललीस म्हणून. साप चावला तर जुन्या पुस्तकांत आणि सिनेमांत चाकूने चीर देऊन रक्त चोखताना दाखवतात. तसं कधीही करू नकोस, कुणाला करू देऊ नकोस. फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, त्यात चीर पाडली तर रक्तस्राव आवरत नाही. घट्ट आवळपट्टीही बांधायची नाही. चावलेला भाग हलवायचा नाही आणि थेट प्रतिविष असलेल्या रुग्णालयात जायचं. त्या वेळी चाकू खिशातच राहू दे.

खिसा म्हटलं खरं, पण आपल्या कपड्यांना खिसे शिवायचं शिंप्यांना अजून सुचत नाही, आणि शिवले तर त्यात रुमालही मावत नाही. पुरुषांच्या चाकूंना खिशाच्या काठावर अडकवायची चिमटी असते, ती आपल्या उपयोगाची नाही. चाकूच्या मागच्या छोट्या कडीत भडक रंगाची दोरी ओव आणि तिचं दुसरं टोक पिशवीच्या आतल्या कप्प्याला बांध. लाल चाकू गवतात पडला तर सापडतो, हिरवा किंवा काळा सापडत नाही. रंगाचा एवढाच विचार कर.

संध्याकाळी खोलीवर आलीस की उघडून कोमट पाण्यात धू, फुंकर मार, पुसून कोरडा कर. आठवड्यातून एकदा सांध्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब. खोबरेल नको, ते चिकट होऊन माती धरतं. दुसऱ्याला देताना मिटवून दे, आणि त्यानेही मिटवूनच परत द्यावा असं बजाव.

रस्त्यावरच्या गाड्यावर हुबेहूब लाल, क्रॉसवाले चाकू निम्म्याहून कमी किमतीत मिळतील. घेऊ नकोस. पात्यावर कारखान्याचं नाव कोरलेलं बघ, प्रत्येक अवजार उघडून मिटून बघ, पाती मिटल्यावर एकमेकांना घासत नाहीत ना हे उजेडात धरून बघ आणि बिल घे.

तेव्हा निकाल असा: काळा नको, लाकडी नंतर केव्हातरी, लाल घे, पण पातळ. त्याआधी या रविवारी हार्डवेअरच्या दुकानातून दगड आण आणि आईच्या स्वयंपाकघरातल्या दोन सुऱ्यांना धार लाव. त्या कागद कापू लागल्या की चाकूचे पैसे मी पाठवते.

तुझ्या आई-बाबांना नमस्कार सांग. प्रकृतीला जप.

तुझी,
मावशी